प्रज्ञा म्हणजे काय: वर्षावासात सुत्ते वाचून समजून घेण्याची एक रीत

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत सातारा-सांगलीकडच्या अनेक बुद्धविहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. कराडजवळच्या आमच्या विहारात काही वर्षे हे वाचन माझ्याकडे होते. एका पावसाळ्यात कुणीतरी विचारले, की ज्ञान आणि प्रज्ञा यांत फरक काय, आणि मी पाठ केलेली पाच-सहा वाक्यांची व्याख्या सांगून मोकळा झालो. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, मला आमटी करता येते, पण कशी करते ते सांगता येत नाही. सुनेला सगळं सांगता येतं, पण तिची आमटी बिघडते. मग ज्ञान कुणाला आणि प्रज्ञा कुणाला?" मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर व्याख्या बाजूला ठेवून मूळ सुत्ते, म्हणजे पाली ग्रंथांतले बुद्धांचे आणि त्यांच्या शिष्यांचे उपदेश, समोर घेतली आणि वाचता वाचता जी रीत बसत गेली, ती येथे मांडली आहे. ही रीत चार-सहा जणांच्या गटाला सोयीची आहे, पण एकट्यानेही चालवता येते. पाली भाषा येण्याची अट नाही. दहा-बारा शब्द वहीत उतरवून ते जिभेवर बसवण्याची तयारी मात्र हवी.

ग्रंथ कोणते घ्यावेत, याची फार चिंता करू नये. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने तिपिटक, म्हणजे पाली बौद्ध ग्रंथांचा मूळ संग्रह, देवनागरीत छापले आहे, आणि भिक्षु जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदाहून निघालेली ४१ खंडांची देवनागरी आवृत्तीही मोठ्या ग्रंथालयांत सापडते. गटातील एकाने मूळ पाली हाती धरावे आणि बाकीच्यांनी मराठी किंवा हिंदी अनुवाद पाहावा, एवढी व्यवस्था पुरे.

या विषयात मराठी वाचकाची पहिली अडचण अशी, की सगळे शब्द त्याला ओळखीचे वाटतात. पालीतील 'विञ्ञाण' वाचले की शाळेतला विज्ञानाचा तास आठवतो. पण सुत्तांत विञ्ञाण म्हणजे डोळा आणि रूप, कान आणि शब्द यांची गाठ पडली असता होणारी नुसती जाणीव. 'सञ्ञा' म्हणजे आपली संज्ञा, असे मानून आपण व्याकरणाकडे किंवा पारिभाषिक शब्दांकडे वळतो. सुत्तांत सञ्ञा म्हणजे खुणेवरून पटणारी ओळख, जसे हे निळे, हे पिवळे. 'वेदना' तर मराठीत केवळ दुखण्यालाच उरली, पण पालीत सुखद वेदनाही असते आणि सुखदही नाही दुःखदही नाही अशी तिसरीही असते. राहिली 'पञ्ञा', म्हणजे प्रज्ञा. ती आपल्याकडे प्रज्ञाशोध परीक्षेच्या वाटेने हुशारी होऊन बसली आहे. म्हणून वहीचे पान तीन रकान्यांत आखावे. पहिल्यात पाली शब्द, दुसऱ्यात त्याचे मराठी रूप लिहावे आणि तिसरा रकाना मुद्दाम कोरा ठेवावा. तो आपल्या मनाने भरायचा नाही. सुत्तात तो शब्द जे काम करताना दिसेल, ते वाक्य तेथे उतरवायचे.

यांतली वेदना सोडली, तर हे सगळे शब्द 'ञा', म्हणजे संस्कृतातील 'ज्ञा', या एकाच धातूपासून झाले आहेत आणि फरक उपसर्गांचा आहे. आहार, विहार, प्रहार, संहार हे शाळेत घोकलेले उदाहरण आठवले, की उपसर्गाने अर्थ किती दूर जातो ते लक्षात येते. सञ्ञा, विञ्ञाण, पञ्ञा, अभिञ्ञा, परिञ्ञा ही सगळी एका घरची मंडळी आहेत. त्यांना ओळखायचे, ते प्रत्येकाच्या कामावरून.

पहिल्या तिघांतला फरक सांगण्यासाठी बुद्धघोषांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेल्या विसुद्धिमग्गात एक फार चांगला दाखला आहे. या ग्रंथाच्या संपादनावर आपल्या धर्मानंद कोसंबींनी आयुष्यातील बरीच वर्षे घालवली. फळीवर नाण्यांची रास पडली आहे. लहान मुलाला ती चौकोनी, गोल, नक्षीदार दिसतात. त्यांचा उपयोग काय, हे त्याला ठाऊक नसते. खेडुताला नक्षीही दिसते आणि या वस्तूने बाजार करता येतो हेही कळते, पण खरे-खोटे कळत नाही. नाणी पारखणारा सराफ ते पाहून, वाजवून, हुंगून, चाखून, हातावर तोलून ओळखतो आणि कोणत्या गावात, कोणत्या कारागिराने पाडले तेही सांगतो. मुलाचे पाहणे म्हणजे सञ्ञा, खेडुताचे विञ्ञाण आणि सराफाचे पञ्ञा.

हा दाखला गटात सांगताना मी नाण्यांच्या जागी हळद ठेवतो, कारण नाणी वाजवून घेणारे आता कुणी उरले नाही आणि सांगलीचा हळदीचा सौदा मात्र आमच्यातील अनेकांनी पाहिलेला असतो. पोते उघडले की सोबत आलेल्या नातवाला पिवळी बोटे दिसतात. घरच्या गिऱ्हाइकाला ही स्वयंपाकाची हळद आहे, एवढे कळते. व्यापारी मात्र ढिगातून एक हळकुंड उचलतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून कटकन मोडतो, तो आवाज ऐकतो, मोडलेल्या जागी आतला रंग उजेडाकडे धरून पाहतो, नाकाशी नेतो, आणि मग भाव बोलतो. हळकुंड तिघांनीही पाहिले, मोडून पाहणारा एकच. 'पञ्ञा' शब्दातील 'प' या उपसर्गात हे मोडून पाहणे आहे, असे सांगितले की नवख्या माणसालाही ते बसते.

येथे एक सावधगिरी हवी. विसुद्धिमग्ग हा बुद्धांच्या काळानंतर सुमारे हजार वर्षांनी झालेला ग्रंथ आहे, आणि त्यातल्या या दाखल्यावरून ज्ञानाच्या तीन पायऱ्या एकीवर एक रचलेल्या आहेत असा समज होतो. तिपिटकातल्या मज्झिमनिकाय या सुत्तसंग्रहातील ४३वे सुत्त, महावेदल्ल, याच्याशी तो ताडून पाहावा. त्यात बुद्धांचे दोन शिष्य बोलतात: महाकोट्ठित प्रश्न विचारतात आणि सारिपुत्त उत्तरे देतात. पञ्ञा आणि विञ्ञाण वेगळे काढून दाखवता येतील का, असे विचारल्यावर सारिपुत्त सांगतात, की ते एकमेकांत मिसळलेले आहेत, अलग करता येत नाहीत. कारण माणूस जे 'पजानाति' (प्रज्ञेने जाणतो) तेच 'विजानाति' (विञ्ञाणाने जाणतो). फरक कुठे आहे? पञ्ञा 'भावेतब्बा', म्हणजे वाढवायची आहे, आणि विञ्ञाण 'परिञ्ञेय्यं', म्हणजे पुरते जाणून घ्यायचे आहे. दोघांची नावे वेगळी आहेत, कारण त्यांच्या बाबतीत आपल्याला करायचे काम वेगळे आहे. माझ्या मते संपूर्ण विषयाची किल्ली येथे आहे, आणि दोन बैठका या एकाच सुत्तावर गेल्या तरी वेळ वाया गेला असे समजू नये.

याच सुत्ताची सुरुवात फार बोलकी आहे. महाकोट्ठितांचा पहिला प्रश्न प्रज्ञावंताविषयी नाही. 'दुप्पञ्ञ' कोणाला म्हणतात, असे ते विचारतात. उत्तर क्रियापदात येते: 'नप्पजानाति', तो नीट जाणत नाही, म्हणून दुप्पञ्ञ. काय जाणत नाही? हे दुःख, हा दुःखाचा उदय, हा दुःखाचा निरोध, म्हणजे थांबणे, ही निरोधाकडे नेणारी वाट. 'पजानाति पजानाति', म्हणून पञ्ञवा, म्हणजे प्रज्ञावंत. सारिपुत्तांनी प्रज्ञेची व्याख्या नामाने केली नाही. विद्वत्ता, पाठांतर, चतुराई यांपैकी एकही शब्द तेथे नाही. वहीच्या तिसऱ्या रकान्यात 'पञ्ञा' या शब्दासमोर म्हणून फक्त 'पजानाति' लिहावे, आणि खाली चार ओळी सोडाव्यात.

त्या चार ओळी भरणे हा या रीतीचा मुख्य भाग आहे. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या पहिल्या उपदेशात, याच चार सत्यांपैकी प्रत्येकाला एक काम जोडलेले आहे: दुःख पुरते जाणायचे, त्याचा उदय सोडायचा, निरोध साक्षात करायचा आणि मार्ग वाढवायचा. प्रत्येक सत्याबाबत तीन गोष्टी कळाव्या लागतात: हे असे आहे, याबाबत हे काम करायचे आहे, आणि ते काम झाले. चार त्रिक बारा, म्हणूनच त्या सुत्तात तीन फेऱ्यांच्या बारा आकारांचा उल्लेख येतो. आणि त्या प्रत्येक ठिकाणी बुद्ध सांगतात, की डोळा उघडला, 'ञाणं उदपादि, पञ्ञा उदपादि, विज्जा उदपादि, आलोको उदपादि'. ज्ञान, प्रज्ञा, विद्या, प्रकाश हे शब्द तेथे एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभे आहेत. ज्ञान खालचे आणि प्रज्ञा वरची, ही वाटणी या सुत्तात नाही. आमच्या विहारात विचारला गेलेला प्रश्न आपल्या मराठी शब्दांनी तयार केलेला होता. जुन्या सुत्तांतली रेघ ऐकलेले आणि स्वतः जाणून त्याचे काम केलेले, या दोहोंमध्ये ओढलेली आहे.

आता चार ओळी, म्हणजे एकेका सत्याची एकेक ओळ, कशा भरायच्या, ते पाहू. उदाहरण मोठे घेऊ नये. मरण, पुनर्जन्म वगैरे विषयांवर माणसे ऐकलेलेच बोलतात. आमच्या गटातील एका गृहस्थांनी भावाशी चाललेले बांधाचे भांडण घेतले. पहिल्या ओळीत त्यांनी लिहिले, 'भावाने वीतभर बांध कोरला.' ही तक्रार झाली. ती खरीही असेल, पण ते दुःख नव्हे. पुन्हा लिहायला सांगितल्यावर आले: 'नांगराचा आवाज आला की छातीत आवळते, भाऊ समोरून आला की मी रस्ता बदलतो, रात्री दोनला जाग येते आणि मनातल्या मनात त्याला बोलत राहतो.' हे परिञ्ञेय्य. येथे घाई करू नये, आठ दिवस ते केव्हा आणि कसे येते एवढेच टिपत राहावे. बहुतेक लोक दुःखच सोडायला धावतात आणि थकतात. सुत्तात सोडायला सांगितले आहे ते दुसऱ्या ओळीतले. त्यांच्या दुसऱ्या ओळीत बऱ्याच दिवसांनी आले, की मातीपेक्षाही गावाने आपल्याला बरोबर म्हणावे याची ओढ जास्त आहे. तिसऱ्या ओळीसाठी ती ओढ नसलेला एखादा प्रहर आठवून लिहावा. तो म्हणजे निर्वाण नव्हे, त्या दिशेची एक बारीकशी खूण म्हणावी. चौथी ओळ वागण्याची, आणि ती ज्याची त्याने ठरवावी. बांधाची सरकारी मोजणी आणायची असेल तर ती जरूर आणावी. धम्म मोजणीच्या आड येत नाही, आणि मोजणी झाली म्हणून रात्रीची जाग थांबतेच असेही नाही.

बैठक चालवण्याचा क्रम मी 'बहुस्सुत' या शब्दावरून घेतला. मराठीत तोच बहुश्रुत झाला आणि पुष्कळ वाचलेल्या माणसाला आपण तो लावतो. सुत्तांत बहुस्सुताचे वर्णन पाच शब्दांत येते: 'सुता' म्हणजे ऐकलेले, 'धाता' म्हणजे धरून ठेवलेले, 'वचसा परिचिता' म्हणजे वाचेने घोटलेले, 'मनसानुपेक्खिता' म्हणजे मनाने न्याहाळलेले आणि 'दिट्ठिया सुप्पटिविद्धा' म्हणजे दृष्टीने आरपार भेदलेले. ज्या काळी सुत्ते लिहिलेली नव्हती, त्या काळची ही पद्धत आहे, आणि ती आजही चालते. एका बैठकीत एकच छोटा उतारा दोनदा वाचावा. ग्रंथ मिटून प्रत्येकाने तो आपल्या शब्दांत सांगावा. त्यातील एक पाली ओळ सर्वांनी मिळून म्हणावी. मग आठवडाभर ती मनात वागवावी. पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला, ती ओळ कुठे प्रत्यक्ष दिसली काय, एवढेच विचारावे. शेवटच्या शब्दाचे, आरपार भेदण्याचे, वेळापत्रक करता येत नाही. जमल्यास एक बैठक जखीणवाडीजवळ आगाशिवच्या डोंगरातील लेण्यांत घ्यावी. भारहुतच्या स्तूपावरील दानलेखांत 'करहकट' नगरीचे नाव आहे आणि ते म्हणजे आपले कराडच, असे अभ्यासक मानतात. त्या काळ्या दगडात, पावसाच्या आवाजात, पुस्तकाशिवाय एक गाथा म्हणून पाहिली की 'सुत' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दीघनिकायातील संगीति सुत्तात तीन प्रकारची प्रज्ञा सांगितली आहे: चिंतनाची, श्रवणाची आणि भावनेची. येथे भावना म्हणजे मनातले उमाळे नव्हेत. वाढवणे, जोपासणे हा तिचा अर्थ. बहुतेक प्रवचनांत श्रवण, चिंतन, भावना असा क्रम ऐकू येतो, पण त्या सुत्तात चिंतन आधी आहे. त्यावरून मोठा सिद्धांत रचण्याचे कारण नाही. या तिन्ही म्हणजे वर्गात चढत जाण्याच्या इयत्ता नव्हेत, एवढे लक्षात ठेवले तरी चालेल.

ऐकणे आणि अनुभवणे यांवर बोलताना विहिरीचा दाखला हटकून येतो, आणि तो बहुधा चुकीचा सांगितला जातो. संयुत्तनिकायाच्या निदानसंयुत्तात, कोसंबी सुत्तात, तो नारद नावाच्या भिक्षूच्या तोंडी आहे. ओसाड वाटेवर विहीर आहे, पण दोर नाही आणि पोहराही नाही. उन्हाने तापलेला, तहानलेला माणूस येऊन आत डोकावतो. 'पाणी आहे' हे ज्ञान त्याला होते, परंतु ते पाणी अंगाला लागत नाही. माण-खटावच्या उन्हाळ्यात ज्याने विहिरीच्या कठड्यावरून तळाचे पाणी पाहिले आहे, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. परंतु हा दाखला पुस्तकी पंडितांची थट्टा म्हणून वापरू नये. नारद स्वतःविषयी बोलत आहेत. भवनिरोध (पुन्हा पुन्हा जन्मण्याचे थांबणे) म्हणजे निर्वाण, हे आपण सम्यक प्रज्ञेने जसे आहे तसे नीट पाहिले आहे, तरीही आपण अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेले, नाही, असे ते म्हणतात. पाहणे खोटे नव्हते. पोहोचणे बाकी होते. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीला खाली उतरायला पायऱ्या आहेत, नारदांच्या विहिरीला नव्हत्या. गटातील सुशिक्षित लोकांना हा उतारा वाचून दाखवला की त्यांच्यातील चांगली माणसे बराच वेळ गप्प बसतात.

वाद घालण्यासाठी सुत्त वापरण्याचा मोह तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतो. त्या वेळी मज्झिमनिकायातील २२वे, अलगद्दूपम सुत्त काढावे. दुसऱ्याला दोष देण्यासाठी आणि वादातून सुटण्यासाठी धम्म शिकणारा माणूस सापाला शेपटीकडून धरणाऱ्यासारखा आहे. साप उलटून त्यालाच डसतो. जाणता माणूस शेळीच्या खुरासारखे टोक दुभंगलेल्या काठीने सापाला दाबतो आणि मग मानेला धरतो. बत्तीस शिराळ्याच्या परिसरातील मंडळींना यावर भाष्याची गरज नसते. जिवंत नागांच्या पूजेला आता कायद्याने मनाई आहे, पण नाग धरलेल्या पिढीतील एक काका आमच्याकडे येत असत; त्यांनी हे सुत्त ऐकून एवढेच विचारले, "हे सांगणाऱ्यानं साप धरलेला होता काय?"

वादाला दुसरा उतारा चंकी सुत्तात आहे. सोळा वर्षांच्या कापटिक नावाच्या ब्राह्मण मुलाला बुद्ध सत्याचे रक्षण कसे करावे, ते सांगतात: 'माझी अशी श्रद्धा आहे' असे म्हणणारा सत्य राखतो, तेवढ्यावरून 'हेच खरे, बाकी सगळे फोल' या निर्णयाला त्याने जाऊ नये. रुची, ऐकीव परंपरा आणि तर्काने पटलेले मत यांनाही तोच नियम. आमच्या बैठकीत बोलणाऱ्याने वाक्याच्या सुरुवातीला 'मी असे ऐकले आहे', 'मला असे वाटते' किंवा 'मी असे पाहिले आहे' यांपैकी एक लावायचे, असा नियम केला. पहिले दोन आठवडे तिसरे वाक्य कुणाच्याही तोंडून निघाले नाही, माझ्या तर नाहीच. कालाम सुत्त याच सुमारास वाचावे, पण 'कशावरही विश्वास ठेवू नका' एवढाच त्याचा सारांश करू नये; जाणत्यांनी वाखाणलेले काय आणि निंदलेले काय, हे पाहण्याची कसोटीही त्यात स्पष्ट दिली आहे.

शील सोडून प्रज्ञेची चर्चा रंगू लागली, की सोणदंड सुत्ताकडे वळावे. चंपा नगरीचा ब्राह्मण सोणदंड एकेक गुण वगळत शील आणि प्रज्ञा या दोहोंवर येतो आणि यातले एकही आता काढता येणार नाही, असे म्हणतो. हाताने हात धुवावा, पायाने पाय धुवावा, तशी प्रज्ञा शिलाने धुतली जाते आणि शील प्रज्ञेने. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, त्या बाबासाहेबांनीही पुढे हाच धागा धरला: नुसती विद्या पुरेशी नाही, प्रज्ञा हवी, नुसती प्रज्ञाही पुरेशी नाही, शील हवे, आणि त्यापुढे करुणा आणि मैत्री. बाबासाहेबांचे ते विवेचन आणि सोणदंड सुत्त एकाच संध्याकाळी लागोपाठ वाचावे.

आजींच्या आमटीचा प्रश्न सुटला तो मंगल सुत्तात, जे आम्ही वर्षानुवर्षे एका सुरात म्हणत आलो होतो. 'बाहुसच्चं च सिप्पं च': पुष्कळ ऐकलेले असणे आणि हातात कला असणे, ही दोन वेगळी मंगले तेथे शेजारी शेजारी दिली आहेत. सुनेकडे पहिले होते, आजींकडे दुसरे. दोन्ही चांगली, पण दोन्हींपैकी एकही म्हणजे पञ्ञा नव्हे. हे सांगितल्यावर आजींना धम्मपदातली ६४वी गाथाही वाचून दाखवली: मूर्ख माणूस आयुष्यभर पंडिताजवळ बसला तरी त्याला धम्म कळत नाही, 'दब्बी सूपरसं यथा', जशी पळीला आमटीची चव. त्या म्हणाल्या, "मग आमटी बिघडली की मला राग येतो, तो कुणाला कळतो?" त्या आठवड्याची पहिली ओळ म्हणून आम्ही सगळ्यांनी वहीत तेच लिहिले.